चिंचेच्या खोलीतल्या टोप्या

आमच्याकडे कुणी कुणाला फसवलं की म्हणतात, टोपी घातली. मला आयुष्यात एकदाच टोपी बसली, आणि तीही खऱ्याखुऱ्या टोपीनं. ठासणीच्या बंदुकीला घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवतात, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान. घोडा तिच्यावर आपटला आणि ती पेटली, तर बार उडतो. नाही पेटली, तर माणसं हसतात. मला माणसं हसली. त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण राग काही शिळा होत नाही.

मी चिंचेचा व्यापार करते. झाडाखाली उभं राहायचं, वर बघत एक फेरी मारायची आणि झाडावरची सगळी चिंच उक्ती ठरवून टाकायची. माझा अंदाज पायलीभरही चुकत नाही. चिंच पिकली की नाही ते मी कानानं ओळखते. कच्ची चिंच मुकी असते. पिकलेली टरफल सोडते, टिचकी मारली की पोकळ बोलते. उदगीरच्या बाजारात काही दलाल मला लांबून बघितलं की आधी पाणी पितात, मग भाव सांगतात. ही फुशारकी नाही. मी लोकांच्या वाड्यांवर चिंचा फोडायला मजुरीनं जात होते. तिथून इथवर आले ती कुणाच्या पाठंगुळीला बसून आले नाही.

बंदूक नवऱ्याची. आमच्या बौद्ध वस्तीत आलेली ती पहिली बंदूक. पिकाच्या राखणीचा परवाना मिळवायला त्यानं तीन वर्षं उस्मानाबादला चकरा मारल्या होत्या. गावातल्या मोठ्या घरांतून तेव्हा विचारलं गेलं, "ह्यांना कशाला बंदूक? ह्यांचं राखायचं तरी काय हाय?" आमचं राखायचं होतं ते ओढ्याकाठचं दोन एकर रान आणि त्यातली विहीर. मजुरीचा पैसा पैसा जोडून घेतलेलं. बंदुकीत छर्रे कधी घातलेच नाहीत. नुसता पोकळ बार, हवेत. रानडुकरं पळाली म्हणजे झालं.

नवरा गेला त्याच वर्षी जिल्हा फुटला. उस्मानाबादचा तुकडा काढून लातूर जिल्हा झाला, आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. दुसऱ्या वर्षी सगळं रान करपलं तेव्हा विहिरीच्या गुडघाभर पाण्यावर माझा अर्धा एकर भुईमूग तेवढा हिरवा होता. मैलभरात दुसरं हिरवं पान नाही. डुकरांना सांगायला दवंडी लागत नाही. दिवे लागायच्या वेळेला कळप यायचा आणि सकाळी बघावं तर दोन वाफे नांगरल्यासारखे.

नवऱ्याच्या परवान्यावर मला बंदूक वापरता येत नव्हती. नावावर करून घ्यायची होती. आणि इथे माझे दीर उभे राहिले.

"वहिनी, माझ्या नावावर करू. बाईमाणसाला कोण परवाना देतंय? मी राखीन की तुमचं रान."

मी धंद्यातली बाई. समोरचा काय देतो त्यापेक्षा काय मागत नाही ते मी आधी बघते. भावजींनी जमीन मागितली नव्हती. पण बंदूक ज्याची त्याची राखण, राखण ज्याची त्याचं पीक, आणि चार वर्षं पीक ज्यानं नेलं त्याचीच जमीन, असा आमच्याकडचा हिशेब आहे. विधवेची रानं अशीच गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून म्हटलं, "भावजी, तुम्ही तुमचं राखा. माझं मी राखीन."

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तेव्हा टेबलं एकावर एक रचून ठेवली होती. कारकुनानं अर्ज घेतला आणि निकाल लागेपर्यंतची तात्पुरती परवानगी एका कागदावर लिहून दिली. नव्या जिल्ह्याचा शिक्का अजून आला नव्हता. म्हणून जुनाच शिक्का मारून त्यातलं उस्मानाबाद पेनानं खोडलं आणि वर लातूर लिहिलं. म्हणाला, "चौकशीला जमादार येतील. तुम्हाला बार काढता येतो का ते बघतील. त्यांची शिफारस आली तर बंदूक तुमची. न्हाई आली तर घरातल्या पुरुषाचा विचार होईल."

एवढंच होतं सगळं. एक बार.

तो कागद घेऊन मी उदगीरला बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदारानं खोडलेला शिक्का बघितला, मग मला बघितलं. शेजारी एक मोठा बागाईतदार उभा होता. त्याला कपाटाचं कुलूप काढून टोप्यांची डबी दिली. मला मागच्या फळीवरून दिली. लेबल उडालेलं, झाकण ढिलं.

मी म्हटलं, "मला बी कपाटातली द्या."

"मावशी, सारख्याच असतेत. तुम्हाला काय लढाईला जायचंय?"

बागाईतदार हसला. मी डबी कानाशी धरून हलवली. खुळखुळ वाजली. वाजते ते चांगलं, असं माझा कान मला तीस वर्षं सांगत आलेला. मी डबी घेतली. बैलाचे दात न बघता दावं हातात घेणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर हसले, आणि त्या दिवशी मी तेच केलं.

डबी घरी आणून मी चिंचेच्या खोलीत ठेवली. कुलूप असलेली घरातली ती एकच खोली. चुलीपासून लांब आणि भावजींच्या हातापासूनही लांब. चिंचेच्या रांजणांमागे, मिठाच्या पोत्यावरच्या कोनाड्यात. तीन महिने तिला हात लावला नाही. बार भरायचा कसा ते नवऱ्याच्या हाताकडे बघून मला पाठ होतं. डुकरं पत्र्याचा डबा बडवून हाकलली, पण परीक्षेआधी सराव म्हणूनही बार उडवून टोपी वाया घालवणं माझ्या जिवावर आलं.

जमादार आले तो खडी फोडायच्या सरकारी कामाला सुट्टीचा दिवस. सगळं गाव रिकामं. माझ्या बांधावर जत्रा भरल्यासारखी माणसं, पोरं लिंबाच्या झाडावर. भावजी धुतलेलं धोतर नेसून जमादारांच्या शेजारी उभे.

मी बार भरला, टोपी बसवली, बंदूक आभाळाकडे केली, चाप ओढला.

टक्.

दुसरी टोपी बसवली. टक्. बांधावर कुणीतरी खोकलं. तिसरी बसवली. चाप ओढला. बारीक फुस्स झालं आणि धुराचा केसाएवढा धागा वर गेला.

झाडावरून एक पोरगं ओरडलं, "फुसका बार!"

मग जे हसणं सुटलं ते मी विसरणार नाही. दुष्काळात माणसांना हसायला फार मिळत नाही, तेव्हा मिळालं ते त्यांनी पुरवून पुरवून वापरलं. भावजी मात्र हसले नाहीत. हात जोडून हळूच म्हणाले, "लिवा जमादारसाहेब. म्या सांगत होतो."

मी म्हटलं, "काय लिहिता? बंदूक माझी फसली न्हाई, टोपी फसली. टोपी म्या घरी केली का?"

जमादार वयस्क माणूस, घाईत नव्हते. म्हणाले, "बाई, टोपी निवडणं बी हाताळण्यातच येतं. बाजार करता ना तुम्ही? पंधरा दिवसानं ह्या बाजूला परत येणार हाय. तवर लिहीत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी उदगीरला. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, मला तेवढीच हवी होती. डबी काउंटरवर आपटली.

"ह्या टोप्या हायत का गुंड्या? कपाटातला माल कपाटवाल्यांना, आणि फळीवरचा कचरा मला?"

त्यानं डबी उघडली, एक टोपी नखावर घेतली. तांब्यावर हिरवा थर चढला होता. त्यानं ती परत टाकली आणि गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "तीन महिन्यांमागं नेलेली डबी. काय केलं घरी नेऊन, कोण जाणे. म्या दिली तवा लाल होत्या. बाईच्या हातात टोपी टिकत न्हाई, काय करता?"

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उदगीरच्या त्या गल्लीत काही लोकांना अजून पाठ असेल. शेवटी म्हटलं, "तुझ्या दुकानाची पायरी परत चढले तर नाव बदलीन." आणि पायरी उतरले. पण टोप्या कुठून आणायच्या ते उतरताना माहीत नव्हतं.

नांदेडचं नाव चिंचेच्याच एका व्यापाऱ्यानं सांगितलं. तिथे एका बंदुकीच्या दुकानाबाहेर एक म्हातारे मिस्त्री बसतात, निजामाच्या काळापासून त्यांच्या घरात बंदुका दुरुस्त करायचं काम. मी एसटीनं गेले. मिस्त्रींना दम्याची धाप, डोळ्यांना जाड भिंगं, मांडीवर कुणाची तरी दुरुस्तीला आलेली बंदूक. मी ती उदगीरची डबी त्यांच्या हातात दिली आणि उदगीरच्या दुकानदाराची सगळी कुळी उद्धरायला सुरुवात केली.

म्हाताऱ्यानं हात वर केला. "रुको बेटी. गाली बाद में देना."

त्यांनी एक टोपी उचलली. बघितली नाही, नाकाशी धरली. मग दुसरी. मग डबीच हुंगली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"इमली का काम करते क्या तुम?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डब्बा बोल रहा ना. कहाँ रखे थे?"

मी सांगितलं. चिंचेच्या खोलीत. रांजणाच्या मागं. मिठाच्या पोत्यावर.

म्हातारे हसायला लागले ते धाप लागेपर्यंत. मग छाती चोळत म्हणाले, "बेटी, घर में तांबे का लोटा काय से मांजते?"

मी डबीतली एक टोपी उचलून नाकाशी धरली. तिला माझ्याच खोलीचा वास होता.

तांब्याची घागर मी पोरवयापासून चिंच-मीठ लावून घासत आले. तिचा काळा थर कसा सुटतो, आणि चिंच धुवायची राहिली तर दुसऱ्या दिवशी हिरवं कसं धरतं, ते मला न शिकवता येत होतं. त्या खोलीच्या कडीकोयंड्याला गंज चढून ते वर्षाआड बदलावे लागत होते, हेही मीच बदलत होते. आणि तांब्याच्या टोप्या मी नेऊन ठेवल्या त्याच हवेत, वर कुलूप लावून. गावात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. कारण दुसऱ्या कुणाच्या घरात चिंचेची खोली नव्हती.

"म्हणजे दुकानदार खरा?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं डबीचं झाकण बोटानं फिरवलं. ते आपोआप निघून आलं. "माल पुराना था. ढक्कन ढीला. टाइट ढक्कन रहता तो इत्ते में नै मरते. उन्ने आधा मारा, आधा तुमने मारा. हिसाब बराबर."

"आणि वाजत होत्या त्या?"

"डब्बे में तो कंकर भी बजते. टोपी वो, जो घोड़े के नीचे बोले."

मग त्यांनी मला आतल्या दुकानात नेलं. तिथल्या मालकानं माझा कागद उलटा-पालटा केला, खोडलेलं उस्मानाबाद वाचलं, वरचं लातूर वाचलं आणि नोंदवहीत माझं नाव घेतलं. नाव घेतलं, हे मी मुद्दाम लिहिते. उदगीरला घेतलं नव्हतं. त्यानं डबी पुढे केली. मी हात लावला नाही.

म्हटलं, "पाच टोप्या वाजवून बघणार. दोन वरच्या, एक मधली, दोन तळातल्या. ह्या मिस्त्रींच्या रिकाम्या बंदुकीवर."

"अहो बाई, वाजवलेली टोपी परत विकता येते का? पाचांचं नुकसान कुणाचं?"

"पाचही बोलल्या तर माझं, डबी घेतली. एक जरी मुकी निघाली तर तुमचं, आणि दुसरी डबी उघडा."

तो मिस्त्रींकडे बघून म्हणाला, "चाचा, ही कुठली बाई आणली?"

चाचा म्हणाले, "उदगीर की इमली है, संभाल के."

पहिल्या डबीतल्या चार बोलल्या, तळातली एक गप्प राहिली. मालक म्हणाला, "पाचात चार म्हंजे लई झालं."

"माझ्या बांधावर पाचवीच वर आली तर? तवा तुम्ही येता का चारांची साक्ष द्यायला?"

त्यानं दुसरी उघडली. त्यातल्या पाचही टाळी वाजवल्यासारख्या वाजल्या. मी झाकण घट्ट बसतं का ते तीनदा लावून-काढून बघितलं, तांबं उजेडात धरून बघितलं आणि मगच डबी ओच्यात बांधली. निघताना मिस्त्रींनी एवढंच सांगितलं, "सूखे में रखना. इमली कू दिखाना भी नक्को."

घरी कोरडी जागा शोधायला गेले तर दुष्काळानंच ती करून ठेवली होती. ज्वारीची कणगी. वर्षभर त्यात दाणा पडला नव्हता. डबी काचेच्या बरणीत घालून, बरणी फडक्यात बांधून मी कणगीच्या तळाशी ठेवली. आणि ह्या वेळेला टोप्या खर्चताना हात आखडला नाही. एक दिवसाआड सकाळी बांधावर जाऊन एक पोकळ बार काढला. डुकरंही त्या पंधरवड्यात जरा लांबून गेली.

गावात मात्र माझं नाव पडलं होतं. पाण्याच्या टँकरवर घागर लावायला गेले की मागून कुणीतरी हलकेच "टक्" करायचं. सकाळचे बार ऐकूनही करायचे. एकदाच मी वळून म्हटलं, "ज्यानं टक् केलं त्यानं तोंड दाखवावं. बरीच तोंडं म्या चिंचेसारखी फोडलीत." मग टँकरवर तरी शांत झालं.

जमादार पंधराव्या दिवशी आले नाहीत. सोळाव्यालाही नाही. अठराव्या दिवशी, दुपार टळल्यावर आले. माणसं तेवढीच जमली, पोरं त्याच लिंबावर. भावजी तेच धोतर नेसून.

मी बार भरला. मग डबीचं झाकण काढलं आणि डबी भावजींच्या पुढे धरली.

"भावजी, टोपी तुमच्या हातानं काढा."

ते मागे सरले. "म्या कशाला?"

"का? वहिनीची परीक्षा हाय ना? प्रश्न तुम्हीच काढा. तुम्हाला जी वाईट वाटंल ती काढा."

जमादारांना गंमत वाटली. म्हणाले, "काढा की हो."

भावजींनी बोट घातलं. वरच्या टोप्या बाजूला सारल्या आणि खालून, अगदी तळातून एक काढली. उजेडात फिरवून बघितली, हिरवं शोधत असावेत. मला आतून हसू येत होतं, कारण तळातल्या दोन मी नांदेडला आधीच विचारून आले होते. पण खरं लिहायचं तर पुरती खात्री नव्हती. पाच बोलल्या म्हणून सहावी बोलेलच असं कुणी लिहून दिलेलं नसतं. धंद्यातही नाही.

टोपी बसवली. चाप ओढला.

बार असा उडाला की लिंबावरून दोन पोरं खाली आली आणि ओढ्यापलीकडच्या कावळ्यांनी आभाळ काळं केलं. खांद्याला धक्का बसला तो मला गोड वाटला.

जमादार कागद काढायला लागले. "झालं बाई. पुरे."

"पुरे कसं? मागल्या खेपेला ह्यांनी तीन टोप्यांवर हसून घेतलं. तीनदा ऐकून बी घेऊ द्या."

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की काय बाई आहे म्हणून, मला माहीत नाही. मी दुसरा बार भरला, काढला. तिसरा काढला तेव्हा भावजी बांधावरून घराकडे निघाले होते. मी त्यांच्या पाठीकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "भावजी, टोपी चांगली निवडली बरं का!" गाव हसलं. ह्या खेपेला मला सोडून दुसऱ्या कुणाला.

परवान्याचं पुस्तक आलं तेव्हा त्यावर नव्या जिल्ह्याचा नवाकोरा शिक्का होता, खाडाखोड नसलेला, आणि खाली माझं नाव. रान आजही माझं आहे. भुईमूग त्या वर्षी पोतंभरही झाला नाही, तो प्रश्नच वेगळा.

राहिला उदगीरचा दुकानदार. त्याची पायरी मी परत चढले नाही, त्यामुळे नाव बदलायची वेळ आली नाही. तो म्हातारा झाला आहे, दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतो. चिंचेच्या मोसमात मी त्या गल्लीतून जाते. तो अजून विचारतो, "मावशी, टोप्या टिकल्या का?" मी म्हणते, "तुझ्या सोडून सगळ्या टिकल्या." तो हसतो. टोप्या कुठे ठेवल्या होत्या ते मी त्याला कधी सांगितलं नाही. भर दुकानात चार माणसांपुढे तो जे बोलला, ते त्यानं आधी परत घ्यावं. मग मी माझं सांगेन.

तो काही घेणार नाही. म्हणून इथे लिहून टाकते, की दोष माझाही होता. अर्धा. त्या अर्ध्यावर छटाकभरही चढवून मिळणार नाही.